भोकाचा पैसा आणि आठ वाट्या साखर

शिवणाच्या जुन्या डब्यात काय सापडेल याचा नेम नसतो. गेल्या आठवड्यात सदऱ्याचे तुटलेले बटण लावावे म्हणून मी आईचा पितळी डबा उघडला. आईला जाऊन कितीतरी वर्षे झाली. पण डबा तिचाच, आणि त्यातली रिळे, गुंड्या, गंजलेल्या सुयाही तिच्याच. तळाशी चाचपडताना लुगड्याच्या काठाची एक लहानशी पिशवी हाती आली आणि तिच्या दोरीला ओवलेला एक तांबूस पैसा. एका बाजूस छोटासा मुकुट आणि १९४३ हे साल, दुसऱ्या बाजूस पानाफुलांची वेल, आणि मधोमध आरपार भोक.

शेजारी बसलेल्या पणतवाने तो उचलून डोळ्याला लावला, भोकातून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "पणजोबा, हे वॉशर कशाचे?"

मला हसू आले. त्या काळी सायकल दुरुस्त करणारे आमचे मिस्त्रीही या पैशाचा तोच उपयोग करीत. पण तो पैसा हातात घेऊन बसलो, तो बटण तसेच राहिले आणि मन ऐंशी वर्षे मागे गेले. दुसऱ्या महायुद्धावर ग्रंथांचे ढीग आहेत. त्यांत सेनापती आहेत, रणगाडे आहेत, तह आहेत. इंदूरच्या रामबागेतल्या एका वाड्यात तेच युद्ध साखरेच्या वाटीने आणि लुगड्याच्या वाराने कसे मोजले जात होते, हे सांगणारी मंडळी मात्र आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यांतला मी एक. म्हणून हा लेखनप्रपंच.

*

३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध जाहीर झाले तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. त्या दिवसाचे मला काहीच आठवत नाही. माझ्या लेखी युद्ध सुरू झाले ते खेळण्यांपासून. त्यापूर्वी बाजारात जपानी खेळणी स्वस्तात मिळत. किल्लीचे बेडूक, सेल्युलॉइडच्या बाहुल्या, टिकल्यांचे पिस्तूल. जपान म्हणजे खेळण्यांचा देश अशीच आम्हा पोरांची समजूत. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरले आणि खेळणी बंद झाली. ज्यांनी बेडूक पाठवले तेच आता बाँब टाकणार, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि मुंबईत एकच घबराट उडाली. ज्याला ज्याला गाव होते त्याने बायकामुले गावी धाडली. आमची गिरगावातली आत्या तीन मुले, दोन वळकट्या आणि एक शिवणाचे यंत्र घेऊन खांडव्याहून इंदूरच्या गाडीने येऊन थडकली. दोन खणांच्या बिऱ्हाडात आम्ही दहा माणसे झालो. मोठ्यांची अडचण झाली असेल. आम्हा मुलांना ती सुटीच वाटली. पुढे मार्चमध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा थांबला. माळव्यात गव्हा-ज्वारीवर भागते म्हणून आमचे पोट अडले नाही. पण सणावाराला पानात पडणारी भाताची मूद लहान होत गेली. सुपारीएवढी झाली तेव्हा आजी म्हणाली, "हा नैवेद्य झाला, जेवण नव्हे!"

मुंबईवर जपानी बाँब पडले नाहीत. पावसाळ्याच्या तोंडी आत्या परत गेली. यंत्र मात्र आईच्या आग्रहाने ठेवून गेली आणि ते यंत्र हेच पुढे आमच्या घरचे शस्त्रागार ठरले.

*

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते संस्थानी नोकरीत कारकून होते. युद्धाची त्यांना भारी गोडी. बाहेरच्या खोलीत त्यांनी नकाशा लावला होता आणि कोणाचे सैन्य कुठवर आले ते टाचण्यांनी दाखवीत. पुढे टाचण्याच मिळेनाशा झाल्या. कचेऱ्यांतून कागदाला कागद जोडायला बाभळीचे काटे वापरू लागले होते. अण्णांनीही मग काटे आणले. तोब्रुक, स्टालिनग्राड, कोहिमा ही सारी ठिकाणे मी अशी बाभळीच्या काट्यांनी टोचलेली पाहिली आहेत.

कागदाचीही तीच गत. वर्तमानपत्रांची पाने घटली, मासिके रोडावली. शाळेच्या वह्या मळकट, खरबरीत कागदाच्या येऊ लागल्या. आम्ही त्यांत आधी शिसपेन्सिलीने लिहायचे आणि मग त्याच पानावर शाईने. दाढीचे पाते बोथट झाले की अण्णा ते काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूस घासघासून आणखी आठवडाभर चालवीत. हनुवटीवर नेहमी एक तांबडी रेघ असे. "आघाडीवरची जखम," असे ते म्हणत.

संस्थानी प्रजेचे राजकारण तसे दुहेरी. एकीकडे दरबाराची साहेबाशी दोस्ती, दुसरीकडे प्रजेचे मन गांधीजींकडे. पण आमचे महाराज यशवंतराव होळकर यांनी १९४२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना उघड पत्र लिहून हिंदुस्थानच्या प्रश्नात मध्यस्थी करण्याची विनंती केली, आणि दिल्लीची साहेब मंडळी फार नाराज झाली. त्या पत्राची चर्चा आमच्या ओट्यावर किती दिवस चालली होती! पुढे ऑगस्ट आला, प्रजामंडळाची माणसे पकडली गेली, शाळा ओस पडल्या. अण्णा नोकरीमुळे गप्प होते. पण त्या महिन्यात त्यांनी नकाशातला एकही काटा हलवला नाही एवढे मला आठवते.

*

आता या पैशाची गोष्ट. आजच्या मुलांना खरे वाटणार नाही, पण त्या युद्धात नाण्यांचाच दुष्काळ पडला होता. धातू हवा होता लढाईला. आणि लोकांचा कागदावर भरवसा नसल्यामुळे ज्याने त्याने चांदीचा रुपया हंड्यात घातला. सरकारने १९४० साली एक रुपयाची नोट काढली. त्याच साली रुपयातली चांदीही उतरवली. पूर्वी बारा भागांत अकरा भाग चांदी असे, ती आता निम्म्यावर आली. व्हिक्टोरिया राणीचे जुने रुपये १९४१ मध्ये चलनातून बाद झाले.

आमच्या आजीजवळ असे अकरा राणीछाप रुपये होते, थोरल्या नातीच्या लग्नासाठी राखलेले. अण्णा म्हणाले, "आई, मुदत आहे तोवर बदलून घेऊ या." आजीने एक रुपया दारातल्या दगडावर टाकला, खण्णकन वाजला. मग अण्णांच्या खिशातला नवा रुपया टाकला. तो बद्द वाजला. आजी म्हणाली, "सोन्यासारखी राणी देऊन हे खापर घेऊ?" रुपये बदलले गेले नाहीत. पुढे ताईच्या लग्नात ते सोनाराकडे गेले आणि त्यांचे पैंजण झाले. बाजारात बाद झालेली राणी आमच्या ताईच्या पायात वाजत राहिली!

सुट्ट्या पैशांची तर दैनाच. चार आण्यांची भाजी घ्यावी आणि रुपया द्यावा, तर कुंजडीण हात जोडी. कोणी पोस्टाची तिकिटे सुटी म्हणून देई, कोणी आपल्या सहीची चिठ्ठी. काठेवाडातल्या काही संस्थानांनी तर पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे छापून तीच चिल्लर म्हणून चालवली. सरकारने आणेल्या-चवल्या पिवळ्या पितळी रंगाच्या काढल्या. १९४३ साली निघाला हा भोकाचा पैसा. जुन्या ढब्बू पैशाच्या निम्म्याहूनही कमी वजनाचा. पोटातला धातू काढून घेतलेला. रुपयाचे चौसष्ट पैसे तेच, पण पैशाचे पोट रिकामे. "आपल्यासारखेच की," असे आई म्हणाली होती.

पण गरिबाघरी रिकामी गोष्टही रिकामी राहत नाही. भोक आहे म्हटल्यावर बायकांनी पैसे सुतळीत ओवले, कमरेला बांधले. हरवण्याची भीती गेली. पोरांनी त्यात काडी खुपसून भिंगऱ्या केल्या. आणि आईने साखरेचे कार्ड ठेवण्यासाठी जुन्या लुगड्याच्या काठाची पिशवी शिवून तिच्या दोरीला एक पैसा ओवला, गाठ पक्की राहावी म्हणून. डब्यात सापडला तो हाच.

*

लुगड्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो. इंदूर हे गिरण्यांचे गाव. हुकूमचंद, माळवा, राजकुमार, कल्याणमल अशा गिरण्यांचे भोंगे ऐकून आम्ही घड्याळे लावायचो. युद्धात त्या गिरण्या रात्रंदिवस धडधडत होत्या. आणि त्याच गावात बाईमाणसाला धड लुगडे मिळत नव्हते! १९४३ मध्ये कापडावर नियंत्रण आले, ठाणावर किंमत छापून येऊ लागली; पण छापील किमतीला मागायला गेले की ठाण संपलेले असे आणि मागच्या दाराने चढ्या भावाने तेच निघे. 'काळा बाजार' हा शब्द आम्ही तेव्हाच शिकलो. आमच्याच वाड्यात रस्त्याच्या अंगाला राहणाऱ्या एका कापडवाल्याने त्या चार वर्षांत माडी चढवली. युद्ध सगळ्यांनाच महाग पडत नाही, हेही तेव्हाच कळले.

आईची दोन नऊवारी लुगडी. एक विटले की दोन्हींची धडकी अंगे काढून मध्ये दंड घालायची आणि एक करायची. हिरव्याला तांबडे, तांबड्याला जांभळे. दंड घातलेले लुगडे नेसायला पूर्वी बायकांना संकोच वाटे. युद्धाने तो संकोच घालवला. वाड्यातल्या तरण्या सुनांनी याच सुमारास पाचवारी नेसायला सुरुवात केली. सासवा कुरकुरल्या, पण चार वार कापड वाचते म्हटल्यावर कोण काय बोलणार? सुधारकांच्या व्याख्यानांनी जे झाले नसते ते कापडाच्या टंचाईने झाले.

करमणूक मात्र थांबली नव्हती. उलट पोटाला चिमटा बसला की माणूस जास्त सिनेमा पाहतो की काय कोण जाणे! कच्च्या फिल्मचीही टंचाई. म्हणून १९४२ पासून चित्रपटाची लांबी अकरा हजार फुटांवर आणली गेली. वीस-वीस गाण्यांचे सिनेमे आखूड झाले. वर मुख्य चित्रपटाआधी सरकारी युद्धवार्ता दाखवीत. तोफा, विमाने, हसणारे शिपाई. प्रेक्षक तेवढ्या वेळात भुईमूग सोलून घेत.

१९४३ मध्ये बाँबे टॉकीजचा 'किस्मत' आला. कलकत्त्यात तो एकाच थिएटरात तीन वर्षांहून अधिक चालला. त्यातले एक गाणे परक्यांना बजावून सांगत होते की हा देश आमचा आहे. गाण्यात जर्मन-जपान्यांची नावे घातली होती, म्हणून ते सरकारच्या बाजूचे समजून परिनिरीक्षकांनी पास केले. प्रेक्षकांना मात्र परका कोण ते बरोबर कळले. आमच्या इथे त्या गाण्याला टाळ्या जरा जास्तच पडत, कारण ते लिहिणारे कवी प्रदीप हे उज्जैनजवळच्या बडनगरचे, म्हणजे आमच्या माळव्याचेच. इंदुरात जन्मलेल्या लता मंगेशकरांची कारकीर्दही याच दिवसांतली. १९४२ च्या एप्रिलमध्ये दीनानाथ गेले आणि त्या कोवळ्या मुलीला घरासाठी सिनेमात पाऊल टाकावे लागले. त्याच वेळी आपल्या सर्वांच्या घरातही कोणी ना कोणी वयाआधी मोठे होत होते.

*

माझ्यावर ती पाळी आली मार्च १९४५ मध्ये. आणि ती आली क्रिकेटमुळे.

युद्धामुळे इंग्लंडात काउंटी सामने बंद होते. आपल्याकडे रणजी करंडक मात्र चालू होता. महूची छावणी इंदुराहून तेरा-चौदा मैलांवर. तिथे इंग्लंडचा नामांकित कसोटीवीर डेनिस कॉम्प्टन हा शिपायांना कवायत शिकवायला नेमलेला होता. इंग्लंडला त्याच्यासाठी मैदान नव्हते. आमच्या होळकर संघाने ते दिले. कर्नल सी. के. नायडू कप्तान, वय वर्षे एकोणपन्नास. सोबतीला आमचे इंदूरचे मुश्ताक अली. आणि त्यांत कॉम्प्टन! गाव नुसते वेडे झाले होते. संघ पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचला होता. सामना मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर, गाठ खुद्द मुंबईशी.

मुंबईने पहिल्या डावात ४६२ केले, होळकरांनी ३६०. दुसऱ्या डावात विजय मर्चंटने एकट्याने २७८ काढले आणि मुंबईचे ७६४ झाले. होळकरांना जिंकायला हव्या होत्या ८६७ धावा. एवढ्या धावा कोणी करते का? पण मुश्ताक आणि कॉम्प्टन खेळायला लागले आणि गावाला वाटू लागले की करते!

त्याच आठवड्यात आमच्या घरी ताईचे डोहाळजेवण होते. ताई माहेरपणाला आली होती. आई दोन महिने साखर साठवत होती, तरी पुरेशी नव्हती. त्या दिवशी कंट्रोलच्या दुकानात साखर येणार होती. आईने कार्डाची ती पिशवी माझ्या गळ्यात घातली, हातात थैली दिली आणि म्हणाली, "सरळ जा, रांगेत उभा राहा, सरळ ये. आज खेळायला थांबलास तर बघ."

मी सरळ गेलो नाही. कृष्णपुऱ्याच्या पुलावरून राजवाड्याकडे वळलो. तिथे एका रेडिओच्या दुकानापुढे ही गर्दी! मुंबईहून कळलेले आकडे दुकानदार खडूने फळ्यावर लिहीत होता. मुश्ताकचे शतक झाले होते. गिरणीतून सुटलेले कामगार, टांगेवाले, कॉलेजची पोरे, सोवळ्यातले एक भटजी, सारे माना उंचावून उभे. पुढचा आकडा आला की आरडाओरडा, टोप्या हवेत. मीही उड्या मारीत होतो. किती वेळ गेला ते कळले नाही. भान आले तेव्हा गळ्याला हात लावला. पिशवी नव्हती.

वाचकहो, नऊ वर्षांच्या मुलाच्या काळजाचे पाणी होणे म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळले. कार्ड म्हणजे घराचा श्वास. ते गेले तर साखर, रॉकेल, सारेच गेले. लोकांच्या पायांतून, धुळीतून, मी ती पिशवी शोधत फिरलो. शेवटी रडत रडत दुकानाकडे गेलो. साखर केव्हाच संपली होती. फळ्या लावता लावता दुकानदाराने मला पाहिले, गल्ल्यातून पिशवी काढली आणि दोरी धरून माझ्यापुढे झुलवली. "ले भैया, तेरी माँ का पैसा!" गर्दीतल्या कोणा गिरणी कामगाराला ती सापडली होती. त्याला वाचता येत नव्हते, पण आत कार्ड आहे हे त्याने ओळखले आणि घरी जाण्याआधी वाट वाकडी करून ती कंट्रोलवर आणून दिली. त्याच्या स्वतःच्या घरची रांग त्या दिवशी चुकली की नाही, देव जाणे. त्याचे नाव मला कधीच कळले नाही.

घरी आलो. सगळे खरे सांगितले. मार खायची तयारी होती. आई चुलीपुढे बसली होती. तिने पिशवी हातात घेतली, पैसा चाचपून पाहिला आणि एवढेच विचारले, "कॉम्प्टन किती झाला?" मी म्हणालो, "अजून खेळतोय." ती म्हणाली, "बरं. हातपाय धू." मार परवडला असता.

*

आईने कोणाला काही सांगितले नाही. पण वाड्याला भिंती असतात त्या नावाच्या. त्या रात्री दिवेलागणीनंतर पदराआड काहीतरी झाकून एकेक बाई आमच्या स्वयंपाकघरात येऊन गेली. सकाळी ओट्यावर आठ वाट्या होत्या. वाड्यात आमच्याखेरीज नऊ बिऱ्हाडे. त्यांतल्या आठांची साखर. एकीची पांढरीशुभ्र, एकीची जाड पिवळट, एकीत मुंग्या. सर्वांत शिगोशीग वाटी होती कोपऱ्यातल्या काकूंची. त्या बालविधवा, एकट्या राहत. त्यांच्या कार्डावर एकाच माणसाची साखर. त्यांनी बहुधा सगळीच आणली होती.

नववे बिऱ्हाड माडीवाल्या कापडवाल्याचे. त्यांच्याकडून निरोप आला की हवी तितकी साखर आहे, भाव मात्र बाजाराचा. आईने उलट निरोप पाठवला, "जेवायला या."

डोहाळजेवण झाले. ताईला फुलांची वाडी भरली, ओटी भरली. पुरणपोळी गुळाची, पण श्रीखंड साखरेचे झाले. कापडवाल्यांच्या घरीही ताट गेले. त्यात एक वाटीही कमी नव्हती.

मुंबईत कॉम्प्टन शेवटपर्यंत बाद झाला नाही. त्याचे २४९, मुश्ताकची दोन्ही डावांत शतके, १०९ आणि १३९. तरी होळकर ४९२ वर संपले आणि ३७४ धावांनी हरले. त्या सामन्यात एकूण २०७८ धावा झाल्या. फळ्यावर तो शेवट लिहिला गेला तेव्हा मी तिथे नव्हतो. मी आठ वाट्या घासत होतो.

आईने एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर आठ घरांची यादी केली. कोणाची वाटी शिगेची, कोणाची काठोकाठ, तेही टिपले. दर खेपेला साखर आली की आधी एक वाटी भरून एका घरी जाई, मग उरेल ती आमची. अण्णांनी गुळाचा चहा सुरू केला. दूध जरा जास्त तापले की तो फाटे, तरी ते निमूट पीत. मी दुधात साखर मागितली नाही. कोणी घालू नकोस म्हणाले नव्हते.

मे महिन्यात युरोपातले युद्ध संपले. आमच्या यादीतली तीन घरे बाकी होती. ऑगस्टमध्ये जपान शरण आले, त्याच आठवड्यात शेवटची वाटी घेऊन आई कोपऱ्यातल्या काकूंकडे गेली. मी सोबत होतो. काकू म्हणाल्या, "अगं, वेडी की काय तू? मुलीच्या ओटीत घातलेलं कोणी परत घेतं का?"

आई म्हणाली, "काकू, लढाई संपली. आता कोणाचं देणं नको ठेवायला. तुमच्याकडून घेतलेली शिग होती, म्हणून शिगच आणली आहे."

काकूंनी वाटी घेतली. मग चिमूटभर साखर काढून माझ्या तळहातावर ठेवली. पाच महिन्यांनी जिभेवर आलेली ती साखर! तिची चव आज एकोणनव्वदाव्या वर्षी, डॉक्टरांनी साखर बंद केली असतानाही, मला आठवते.

*

युद्ध संपले, कंट्रोल संपला नाही. डिसेंबर १९४७ मध्ये गांधीजींच्या आग्रहाने नियंत्रणे उठू लागली, भाव भडकले, आणि १९४८ मध्ये ती पुन्हा आली. त्याच वर्षी होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. होळकर संघाने मात्र आमचा शब्द राखला: १९४५-४६ च्या मोसमात इंदुरातच बडोद्याला ५६ धावांनी हरवून करंडक आणला, आणि पुढे आणखी तीनदा जिंकला. भोकाचा पैसा १९४७ पर्यंत निघत राहिला. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर पैसे झाले. चौसष्टांतला हा पोटात भोक असलेला पैसा मुलांच्या खेळण्यांत आणि मिस्त्रींच्या डब्यात गेला.

लढाईवर गेलेल्यांना पदके मिळाली, ती मिळायलाच हवी होती. चार वर्षे दंड घातलेले लुगडे नेसून, बद्द रुपयात घर चालवून, घेतलेली शिग शिगेने परत करणाऱ्या बायकांना कोणी पदक दिले नाही. त्यांनी ते मागितलेही नाही. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. त्या मानाने आमची टंचाई ती काय! साखरेवाचून कोणी मरत नाही. पण माणसे आखडत चालली की शेजारीपाजारी कसे वागतात, ते त्या आठ वाट्यांनी आणि नवव्या निरोपाने मला एकाच रात्रीत शिकवले. पुढच्या आयुष्यात माणसे ओळखताना मला दुसरे माप लागले नाही.

हे सगळे मी पणतवाला सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "त्या कामगाराला तुम्ही थँक्यू कधी म्हणालात?"

म्हणालो नाही. म्हणणार कोणाला? रामबागेतला तो वाडा गेला, गिरण्यांचे भोंगेही थांबले. म्हणून आज या पानावर म्हणतो. त्याच्या नातवंडा-पतवंडांपैकी कोणी इंदुरात असेल आणि हे कोणी त्याला वाचून दाखवील, तर आमच्या घरावर एक वाटी अजून बाकी आहे, एवढे त्याला कळावे.

असो. पैसा पुन्हा पिशवीला बांधून डब्यात ठेवला आहे. बटण लावायचे तेवढे राहिलेच.